चांदीच्या मुठीची काठी

हार्लेमच्या वाउटर कापडवाल्याला माझ्याकडून बायबलातल्या दृष्टान्ताचं चित्र काढून हवं होतं: चोरांनी झोडपून रस्त्यात टाकलेला वाटसरू आणि त्याला उचलणारा दयाळू परका.

"त्या दयाळू माणसाला माझा चेहरा दे," तो म्हणाला.

वाटसरू म्हणून मी त्याचाच गडी टेउन याला जमिनीवर झोपवलं, कपाळाला लाल रंग लावला.

"ही जखम आहे की बीट चोळलंय?" म्हणत वाउटरने चांदीच्या मुठीची काठी टेउनच्या डोक्यात घातली. दोन दात पडेपर्यंत हात थांबला नाही. "हं, आता काढ."

मी काढलं.

चित्र दिवाणखान्यात लागलं. "चेहरा हुबेहूब तुमचा!" पाहुणे म्हणाले.

वाउटरची बायको माख्टेल्ड मात्र चित्रात लांब पळणाऱ्या चोराच्या हाताकडे बघत होती.

"काठी तर मी डोळे मिटूनही ओळखीन," ती म्हणाली.