तीन मिनिटांचा उजेड

"ओठ हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पेनाएवढी नळी त्यांनी भीमराजच्या खालच्या ओठाजवळ धरली. टोकाला लेझरचा लाल उजेड पेटला.

काळ्या चष्म्याआड डोळे मिटून भीमराज खुर्चीत पडून राहिला. हा चौथा दिवस. उजेडाचा ना चटका बसत होता, ना ऊब लागत होती. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, ही बाई आपल्याला फसवतेय. पण दर उन्हाळ्यात पंधरा पंधरा दिवस चिघळणारा ओठ या खेपेला लवकर सुकला होता. पाण्यानं भरलेल्या फोडांच्या झुबक्याची आता मुगाएवढी खपली उरली होती.

राहात्याच्या एका बँडात तो क्लॅरिओनेट वाजवायचा. ऐन लग्नसराईत उन्हातून दोन वराती झाल्या की ओठ उठलाच. आई म्हणायची, रात्री ओठावर कोळी मुतला. इतकी वर्षं कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. यंदा मात्र ढोलवाल्या मच्छिंद्रनं सगळ्यांदेखत विचारलं, "भीम्या, स्टँडवरची एड्सची पाटी वाचली का रं?" सगळे हसले. भीमराजही हसला. मग घरी जाऊन त्यानं आरशात ओठ पाहिला, आणि त्यानंतर तो हसला नव्हता.

तीन मिनिटांनी उजेड विझला. "झालं, उठा."

तो उठला नाही.

"बाई, एक इचारू? ह्यो... त्यो रोग तर न्हाई ना?"

"कोणता?"

"पाटीवरला."

डॉक्टरीणबाईंनी नळी खाली ठेवली. तोंडावरचा मास्क काढला आणि वाकून आपल्या वरच्या ओठाची कड दाखवली. तिथं फिकट डाग होता.

"मलाही उठतो. गेल्या महिन्यात मीच या खुर्चीत बसले होते. अर्ध्या गावाच्या अंगात हा विषाणू लहानपणापासून असतो, भीमराज. ऊन लागलं, ताप आला, जीव दमला, की ओठावर येतो. मुळातून जात नाही. उजेडानं काहींचा लवकर सुकतो, तुमचा सुकला. पण तो रोग वेगळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

भीमराज छताकडं बघत राहिला. मग एकदम उठला आणि दार उघडलं. बाहेरच्या बाकावर त्याची बायको जयमाला झोपलेल्या लेकीला, सायलीला, मांडीवर घेऊन बसली होती. चारही दिवस ती बरोबर आली होती, पण एका शब्दानं काही विचारलं नव्हतं.

"आत ये," तो म्हणाला. "बाई, मला सांगितलं ते हिलाबी सांगा. तुमच्या तोंडानं."

बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. जयमालानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती भीमराजकडं न बघता बोलली.

"आठ दिस झाले बाई, ह्ये सवताचं ताट घेऊन भाईर वट्यावर जेवत्यात. पोरीला जवळ येऊ देत न्हाईत. मी इचारलं न्हाई. म्हनलं, सवताहून सांगतील."

डॉक्टरीणबाई भीमराजकडं वळल्या.

"खपली पडेपर्यंत पेला न् टॉवेल वेगळा असू द्या. पोरीचे मुके घेऊ नका. पण जेवायला बाहेर कशाला? घरात बसा."

"ऐकलं का?" जयमाला म्हणाली. "घरात."

भीमराजला हसू फुटलं. खपली ताणली, ओठ ठणकला, तरी हसू आवरेना. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"आणि उन्हात तोंड झाकून जात जा," बाई म्हणाल्या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरला होता. जयमालानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हातानं आपला पदर भीमराजच्या तोंडापुढं धरला.

"सोड, लोक बघत्यात."

"बघू द्या."

पदर तोकडा पडत होता. भीमराज थोडा वाकला आणि तसाच चालू लागला.