चार ते पाच, लाईन बिझी

गुणवंतराव पाय न वाजवता दारात आले, तरी टीव्हीवरचं चित्र बदललंच. क्षणापूर्वी तिथे ओळींखाली ओळी दिसत होत्या. आता बटाटाभजीची कृती होती.

"काय करून राह्यली?"

"सैपाकाचं पाहून राह्यली," रंभाबाई म्हणाल्या आणि मांडीवरच्या कीबोर्डवर पदर ओढला.

तीस वर्षं भजी तळणाऱ्या बाईला कृती कशाला लागते? भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गुणवंतरावांची सारी नोकरी माल तपासण्यात गेली होती. खोट दिसली म्हणून लगेच ओरडायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

टीव्हीखालची ती पेटी सहा महिन्यांपूर्वी घरात आली होती. फोनची तार पेटीला, पेटीची टीव्हीला, की झालं इंटरनेट. कॉम्प्युटरची गरज नाही. सुरू केली की आधी किरकिर आवाज व्हायचा आणि मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची : 'खुर्शीद नेट आपले स्वागत करीत आहे.' रंभाबाईंनी ती अंगणवाडीच्या मानधनातून घेतली. "मी तिले हात लावणार नाई," असं गुणवंतरावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पेटी चालू असली की फोन बंद. त्यावरूनच त्यांना पहिला संशय आला. बसस्टँडवरच्या बूथवरून त्यांनी तीन दिवस घरी फोन लावून पाहिला. चार ते पाच, रोज लाईन बिझी. रोज एक तास ही बाई कोणाशी बोलते?

नाव त्यांना माहीत होतं. ते उच्चारायचं नव्हतं, एवढंच. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, करिष्मानं, चंद्रपुरात जाऊन अजयशी कोर्टात लग्न केलं, जातीबाहेर. तेव्हा गुणवंतरावांनी सांगितलं होतं, या घरातून त्या पोरीला एक शब्द जाणार नाही. आपला शब्द पाळला जातोय, अशी त्यांची समजूत होती.

चौथ्या दिवशी ते खुर्शीदच्या दुकानात गेले. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान; पाटी मात्र नवी, 'खुर्शीद नेट'ची. खुर्शीद एका उघड्या टीव्हीत तुटलेल्या तारेला डाग देत बसला होता.

"माह्या घरून कोणाले चिठ्ठ्या जातात?" गुणवंतरावांनी विचारलं. "नेट तुह्यं हाय. तुले सारं दिसत असन."

खुर्शीदनं डाग देणं थांबवलं. "भाऊ, नाव तेवढं माह्यं हाय. पेटी दिल्लीची, लाईन मुंबईच्या कंपनीची. तेच म्हणाले, तुमच्या गावात तुमच्या नावानं चालवा, लोक भरोसा करतीन. अंदर काय चालते, मले काईच दिसत नाई."

"खोटं बोलून राह्यला तू."

"कसम से नाई. अन् दिसलं असतं ना भाऊ, तरी बाईची चिठ्ठी मी तुमाले दाखवली नसती."

हाही सामील आहे, असा ग्रह करून घेऊन गुणवंतराव घरी आले. रंभाबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. गुणवंतरावांनी पेटी सुरू केली. आत कुलूप वगैरे काही नव्हतं; हात लावणार नाही असं जाहीर केलेल्या माणसापासून कोण कशाला काय लपवेल?

पत्रांच्या यादीत करिष्माचंच नाव होतं, वरपासून खालपर्यंत. सापडली! त्यांनी सगळ्यात वरचं पत्र उघडलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी होती. अक्षर अक्षर लावत ते वाचू लागले.

'बाबा, तुमचं पत्र अजयनं दोनदा वाचलं. तुमी माफी मागाले नको होती. मी लय रडली.'

बाबा? त्यांनी पुन्हा वाचलं. मग खालचं पत्र उघडलं, त्याच्या खालचं उघडलं. सगळी पत्रं त्यांनाच आली होती, आणि गेलेली सगळी पत्रं त्यांच्याच नावानं गेली होती. त्यांत गुणवंतराव नातवाचे दात विचारत होते, गुडघ्याची तक्रार करत होते. आणि शेवटच्या पत्रात लिहिलं होतं :

'करी, तुह्या लग्नाच्या दिवशी मी चंद्रपूरच्या बसमधी बसलो होतो. नवा शर्ट घातला होता. चंद्रपूरच्या अलीकडं, पडोलीले, हिंमत खचली. उतरलो अन् परत आलो. मले माफ कर.'

कीबोर्ड त्यांच्या मांडीवरून घसरला.

हे खरं होतं. शर्टासकट खरं होतं. त्या दिवशी ड्युटीवर जातो म्हणून ते घरून निघाले होते, आणि पडोलीहून परतले ते थेट सेकंड शिफ्टला. ही गोष्ट त्यांनी एकाही माणसाला सांगितली नव्हती. मग ही पेटीत कशी आली? कंडक्टर ओळखीचा होता का? खुर्शीद त्या बसमध्ये होता का? ते एकेक चेहरा आठवू लागले.

फाटक वाजलं. रंभाबाई पिठाचा डबा घेऊन आत आल्या आणि टीव्हीकडे पाहून जागच्या जागी थांबल्या. आता आभाळ कोसळेल म्हणून त्यांनी डबा छातीशी धरला.

माझ्या नावानं काऊन लिहिलं, हे गुणवंतरावांनी विचारलंच नाही.

"मी बसमधी होतो, हे तुले कोनं सांगितलं?"

"कोनं नाई." रंभाबाईंनी डबा खाली ठेवला. "मी मांगच्या सीटवर होती, तोंडावर पदर घेऊन. तुमी पडोलीले उतरले. मी नाई उतरली."