डांबरगोळीच्या खालचा वास

चुलीवर पाणी चढवून नाकशेठनी कॉफीच्या दाण्यांची पिशवी सोडली, तोच डांबरगोळ्यांचा वास तंबूच्या दारापर्यंत आला. दारात बसलेल्या त्यांच्या बायकोला लगेच उलगडा झाला. तंबू वर्षानुवर्षं माळ्यावर डांबरगोळ्यांत पडून होता आणि यांनी कॉफी त्याच बोचक्यात कोंबली होती.

तिला हसू आलं. कॉफी भाजून विकणाऱ्या या माणसाला नाकशेठ हे नाव बाजाराने दिलेलं. पोत्यातली मूठभर बी नाकाशी धरली की माल किती दिवस पडून आहे ते सांगत. या नाकापायी बावीस वर्षांत घरात अत्तर आलं नव्हतं की वासाचा साबण आला नव्हता. केसांना तेल चोपडलेल्या गिऱ्हाइकाला माल दुकानाच्या पायरीवर मिळे. आता आभाळ कोसळणार आणि खापर आपल्या डोक्यावर फुटणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

नाकशेठनी पिशवीत नाक घातलं. डोळे मिटून नेहमीसारखा लांब श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले. "काय वास सुटलाय बघ."

तिचं हसू जागच्या जागी विरलं.

त्यांनी हातातल्या छोट्या यंत्रावर दाणे दळले. पाण्याला उकळी आल्यावर पातेलं उतरवून आकडे मोजायला घेतले. दुकानात ते तीसपर्यंत मोजत. उघड्यावर पाणी लवकर निवतं म्हणून इथे वीस. मग फडक्यावर पूड पसरली, चमचाभर पाण्याने ती आधी फुगू दिली, आणि वरून बारीक धार धरली, गोल गोल. हात असा चालत होता की कुणाला शंकाही येऊ नये.

तिला मात्र आता एकेक गोष्ट आठवायला लागली. गेल्या महिन्यात दोन घाणे करपले, तेव्हा यांनी मशीनला शिव्या घातल्या. हल्ली भाजताना ते दाण्यांच्या रंगाकडे टक लावून बसत. अचानक चार दिवस दुकान बंद ठेवून माळावर यायचं काढलं. "एकदा मोकळ्या हवेत चांगली कॉफी करून पाजतो तुला," म्हणाले. आणि काल संध्याकाळी तिने चोरून आणलेल्या गुलाबाच्या साबणाने माळावरच्या नळावर हातपाय धुतले, तरी हे शेजारी झोपून एक अक्षर बोलले नाहीत. माणूस सुट्टीत निवळला, असं तिला वाटलं होतं. बरं वाटलं होतं.

नाकशेठनी कप तिच्या हातात दिला आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने घोट घेतला. कपाटातला जुना स्वेटर चोखल्यासारखं लागलं.

"कशी झालीय?"

तिला वाईट वाटलं, रागही आला, आणि दोन्हींपेक्षा जास्त थकवा आला.

"कधीपासून येत नाही वास?"

नाकशेठनी रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलंय की नाही, दोनदा पाहिलं.

"मला ताप आला होता ना, त्यानंतर," ते म्हणाले. "म्हटलं, मोकळ्या हवेत येईल परत. काहीच येत नाही गं. चुलीचा धूरसुद्धा नाही."

"आणि सोमवारी माल निवडायला जायचंय."

"वर्षाचा माल. तिथे चुकलो की दुकान बसलंच म्हणून समज."

दोघंही चुलीकडे बघत बसले. रात्री जमिनीवर झोपून तिची कंबर धरली होती. बावीस वर्षं तिने दुकानात उभ्याने काढली. दळणं, बांधणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, सगळं तिच्याकडे. वास घेऊन माल निवडायचं एवढं एकच काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"पोत्यांचा वास मी घेईन," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी उभं राहून डोळे मिटा आणि 'वा' म्हणा. ते तुम्हाला छान जमतं."

ते कसंनुसं हसले. "इतकं सोपं नसतं ते. कच्च्या बीचा वास दबलेला असतो."

"मग शिकवा. आजचा नि उद्याचा दिवस आहे हातात."

 नाकशेठनी पिशवीतून चार दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले.

"चोळ. अजून. आता नाकाशी धर. डांबरगोळीकडे लक्ष देऊ नकोस, ती वरवरची. तिच्या खाली काय येतंय?"

तिने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"गुलाब," ती म्हणाली.

"गुलाब कुठला? या मालात गुलाब नाही." बोलता बोलता ते थांबले. तिच्या हाताकडे बघत राहिले. "वासाचा साबण कधी लावलास?"

"काल. म्हटलं, सुट्टी आहे."

नाकशेठ रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ती कंबर धरून उठली. रात्रीच्या शेकोटीतली गार राख मूठभर घेतली आणि नळाशी जाऊन हात घासायला लागली. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून, पार कोपरापर्यंत. गुलाबी वडी तिथेच कट्ट्यावर होती. एकदाच वापरलेली, कंपनीचं नाव अजून न झिजलेलं.

तिने हातांवर पाणी घेतलं आणि ओले हात नाकाशी नेले. वास गेला की नाही, ते आता तिचं तिलाच बघायचं होतं.