मंजूर काळ

गणिताच्या प्राध्यापक यमुना घोरपडे यांनी संशोधनासाठी पाच वर्षांचं सरकारी अनुदान मागितलं होतं. मंजूर झाले चौदा महिने. त्या तडक अनुदान कार्यालयात गेल्या.

"एवढ्यात काय होणार?"

कारकून तांबोळींनी मान खाली घातली. "बाई, तुमचं काम अर्ज तपासणाऱ्या यंत्राला पसंत आहे. पण ते अर्जासोबतच्या रक्ताच्या तपासणीवरून माणसाचं उरलेलं आयुष्य मोजतं आणि तेवढ्याच काळाचं अनुदान देतं."

यमुनाबाईंनी अर्ज पुढे ओढून घेतला. मग अर्जावरचं स्वतःचं नाव खोडून त्यांनी आपल्या विद्यार्थिनीचं, रुक्साना मुजावरचं, नाव लिहिलं.

"आता पाच वर्षं मिळतील?"

"ती तरुण आहे, मिळतील. पण शोधही तिच्याच नावावर जाईल."

"जाऊ दे. तिला अजून पुष्कळ शिकवायचं राहिलंय," म्हणत त्या उठल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.