पासवर्डची खूण

जुना कॉम्प्युटर संध्याकाळी नातीच्या लाडक्या मैत्रिणीकडे जायचा होता. त्याआधी त्यातली घरच्यांची खाती कशी पुसायची, ते मी नातीला शिकवत होतो. घरात आम्ही दोघंच होतो. आईबाबांची खाती तिने पुसली. माझं तर टाळ्या पिटून पुसलं.

शेवटी एक बिननावाचं खातं उरलं. ते कुणाचं, ठाऊक नाही. पासवर्डशिवाय ते पुसता येईना आणि तसंच ठेवून कॉम्प्युटर देववेना.

“आजोबा, इथे पासवर्डची खूण दिलीय!” ती वाचू लागली. “टेबलाखाली आत्ता किती गुडघे आहेत?”

“चार! टाक.”

“चूक म्हणतोय. तुम्हाला मोजताच येत नाही!”

खिदळत ती टेबलाखाली वाकली.

“सहा आहेत की!” ती खालूनच ओरडली.

मी सहा टाकलं. खातं उघडलं.