खडकांपाशी थबकलेला ठिपका

न्हाव्याचा एक डोळा गिऱ्हाइकाच्या गालावर होता आणि दुसरा आरशाला टेकवलेल्या फोनवर. त्याची लेक आज पहिल्यांदाच कप्तान म्हणून वेगवान प्रवासी बोट आणत होती आणि नकाशावर बोटीचा ठिपका सुसाट धावत होता. "ताशी सत्तर किलोमीटर!" तो दर मिनिटाला दुकानाला ऐकवत होता. एवढ्यात बंदराबाहेरच्या खडकांपाशी ठिपका थबकला. हलेचना. न्हाव्याच्या तोंडचं पाणी पळालं, दोन्ही डोळे फोनवर गेले आणि वस्तरा मानेवर तसाच फिरत राहिला. "अहो, मान माझी आहे!" गिऱ्हाईक किंचाळलं. तेवढ्यात बाहेर लांबलचक भोंगा वाजला. न्हावी वस्तऱ्यासकट धावला, मागोमाग अर्ध्या गालावर फेस घेऊन गिऱ्हाईक. समोर तसाच पांढराशुभ्र फेस उडवत बोट बंदरात शिरत होती. न्हाव्याने फोन पाहिला. त्यातला ठिपका अजून खडकांपाशीच! "बघा," वस्तरा नाचवत तो ओरडला, "माझ्या पोरीला गाठणं या फोनच्या बापालाही जमायचं नाही!"