हेस्टरबाईंची पाटी

लंडनने नेदर हॅलम गाव कधीच गिळलं होतं. पण आपल्या थोर माणसांच्या घरांवर निळी पाटी लावायची हौस गावाने सोडली नव्हती. आजचा दिवस म्युरिएलबाईंचा होता. शंभर वर्षांपूर्वी इथल्याच माळावरून बलूनमधून उडालेली आणि पुन्हा कधीच न उतरलेली हेस्टर लव्हिबॉन्ड खरोखर होऊन गेली, हे त्यांनी भांडून भांडून नगरपालिकेच्या गळी उतरवलं होतं.

"थाप आहे सगळी," शेजारचा डेझमंड अजूनही कुरकुरत होता. "अशी कुणी बाईच नव्हती."

"तू गप उभा राहा आणि टाळ्या वाजव!"

हेस्टरच्या रिकाम्या घरापुढे बँड थांबला. पाटीवरचा पडदा ओढण्याआधी दार ठोठावून हाक मारायची, ही गावाची रीत. उत्तर गर्दीने द्यायचं: "नाही, त्या आता गावाच्या झाल्या!"

म्युरिएलबाईंनी ताठ मानेने दार ठोठावलं. "हेस्टरबाई, घरात आहात का?"

गर्दीने तोंड उघडायच्या आत घरातून दमलेला आवाज आला, "आत्ताच उतरले गं. थांब, बूट तेवढे काढते."

सगळा रस्ता गार पडला. म्युरिएलबाई मात्र डेझमंडकडे वळल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"ऐकलंस?"

त्यांच्या पाठीमागे, आतून कडी सरकली.